लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात आरोपीची एचआयव्ही तपासणी न्यायालयाने सक्तीने करवावी का?

निंबोणी (इंदूर)

नमस्कार. आमच्या इंदूरच्या महिला मंडळाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाला एक निवेदन द्यायचे ठरवले असून त्याचा मसुदा माझ्याकडे आहे. त्यातील एका मागणीवर मंडळात एकमत आहे, तरीही ती कायद्याच्या आणि वैद्यकाच्या कसोटीवर टिकते का, हे येथील जाणकारांकडून तपासून घ्यावे असे वाटते. मागणी अशी आहे की, लैंगिक अत्याचाराच्या प्रत्येक गुन्ह्यात आरोपीला अटक होताच न्यायालयाने त्याची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांसाठी सक्तीने तपासणी करवून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष पीडितेला लेखी कळवावा.

यामागे एक प्रत्यक्ष घटना आहे. तिचे तपशील मी मुद्दाम देत नाही. अत्याचारानंतर त्या मुलीला ‘मला त्याच्यापासून काही लागले तर नाही ना’ या एका प्रश्नाने सर्वांत जास्त छळले. आरोपी लगेच पकडला गेला आणि डीएनएसाठी त्याचे रक्तही घेतले गेले. परंतु त्याच वेळी आणखी एक चाचणी करून तिला उत्तर द्यावे, असे कोणाला सुचले नाही. तिच्या आईने विचारले तेव्हा ‘ते आम्हाला सांगता येत नाही’ एवढ्यावर तिची बोळवण झाली.

माझे मत असे आहे की, येथे आरोपीच्या गोपनीयतेपेक्षा पीडितेचा जाणून घेण्याचा हक्क मोठा मानला पाहिजे. असहमत असणाऱ्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

सातपुडा

मागणीला पूर्ण पाठिंबा. ज्याने दुसऱ्याच्या शरीराचा मान राखला नाही, त्याच्या संमतीची वाट पाहत बसण्याचे कारण मला दिसत नाही.

न्यायवाट

निंबोणीताई, आधी आज कायदा काय आहे ते मांडतो, म्हणजे निवेदन नेमके कोठे धडकेल याचा अंदाज येईल.

बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ आणि ५३-अ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ आणि ५२ मध्ये आहे. रक्त, वीर्य, स्वॅब, केस, नखे आणि डीएनए हे सर्व त्यात येते, शिवाय डॉक्टरला आवश्यक वाटतील अशा ‘इतर चाचण्या’ही येतात. मात्र ही तपासणी पुराव्यासाठी आहे, पीडितेच्या आरोग्यासाठी नाही. रक्त घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होय का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात ठरवलेल्या तत्त्वामुळे बहुतांशी मिटलेला आहे. शरीरावरून मिळणारा असा भौतिक पुरावा म्हणजे साक्ष नव्हे, असे ते तत्त्व सांगते.

एचआयव्हीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिच्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही चाचणी करता येत नाही. कलम ६ मध्ये अपवाद आहेत आणि त्यातील पहिला आपल्या कामाचा आहे: न्यायालयापुढील प्रकरणातील मुद्द्यांचा निर्णय करण्यासाठी चाचणी आवश्यक आहे असे न्यायालयाने आदेशाने ठरवले, तर संमती लागत नाही. म्हणजे दार आहे, पण अरुंद आहे. ‘पीडितेच्या मनःशांतीसाठी’ किंवा ‘तिच्या उपचारासाठी’ असे शब्द त्या कलमात नाहीत. बलात्काराचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी आरोपीला एचआयव्ही आहे की नाही हे सहसा ठरवावे लागत नाही, त्यामुळे दंडाधिकारी अर्ज फेटाळू शकतात आणि ते चुकले असेही म्हणता येणार नाही.

पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर चित्र बदलते. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम ५(ञ) मध्ये अत्याचारामुळे बालकाला एचआयव्हीची किंवा जिवाला धोका असलेल्या अन्य रोगाची लागण होणे, हा गुन्हा गंभीर ठरवणारा घटक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. तेथे आरोपीची तपासणी हा थेट ‘प्रकरणातील मुद्दा’ होतो. प्रौढ स्त्रीच्या प्रकरणात भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मधील ‘जीव धोक्यात आणणे’ या भागाचा आधार घेऊन युक्तिवाद करता येईल, पण त्याला बरीच मेहनत लागेल.

सातपुडा

न्यायवाट साहेब, माहिती उत्तम आहे, परंतु माझा प्रश्न नैतिक आहे. कायदा अरुंद असेल तर तो रुंद करण्याची मागणी का करू नये? निवेदन असतेच त्यासाठी.

दवबिंदू

मी सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, काम केलेले आहे. रुग्णालयाचे नाव देत नाही. निंबोणीताईंची तळमळ मला समजते, म्हणूनच एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते: आरोपीच्या रिपोर्टची वाट पाहणे पीडितेसाठी घातक ठरू शकते.

अत्याचारानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी औषध आहे. आम्ही त्याला पीईपी म्हणतो. ते जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि ७२ तासांनंतर ते सुरू करण्यात अर्थ उरत नाही. सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी रोज एक, अशी २८ दिवस दिली जाते. आता विचार करा: गुन्हा नोंदवणे, आरोपीचा शोध, अटक, दंडाधिकाऱ्यांपुढे हजेरी, अर्ज, त्यावर सुनावणी, आदेश, मग रक्त घेणे आणि रिपोर्ट. हे सारे ७२ तासांत झालेले मी तरी पाहिलेले नाही. आपल्या निवेदनाने असा समज पसरला की ‘आधी त्याचे रक्त तपासू द्या, मग ठरवू’, तर औषधाची वेळ निघून जाईल.

दुसरे असे की, रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होता येत नाही. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. चौथ्या पिढीच्या, म्हणजे विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणाऱ्या, चाचणीतही हा विंडो पिरियड साधारण १८ ते ४५ दिवसांचा असतो आणि नुसती अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीत तो ९० दिवसांपर्यंत जाऊ शकतो. आरोपीला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल, पण नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार मोठे असते, म्हणजे धोका उलट अधिक असतो.

तिसरे, पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ तिलाही लागण झाली असा होत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दिलेल्या अंदाजानुसार, जोडीदाराला एचआयव्ही असताना एका योनिमार्गी संबंधातून स्त्रीला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ८, तर गुदमार्गी संबंधातून दहा हजारांत सुमारे १३८ असते. जबरदस्तीत जखमा होतात आणि त्यामुळे धोका वाढतो, म्हणून हे आकडे किमान समजावेत. शिवाय आरोपी नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे, घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला असेल, तर त्याच्याकडून लैंगिक मार्गाने लागण होत नाही.

म्हणून तिची स्वतःची तपासणीच तिला खरे उत्तर देते: सुरुवातीला एकदा, मग साधारण सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. त्याचबरोबर हेपॅटायटिस बीची लस आणि गरज असल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया यांवरील औषधे आणि तातडीचे गर्भनिरोधक. हेपॅटायटिस बी हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो, आणि चर्चेत त्याचेच नाव सर्वांत शेवटी येते.

मोरपंखी

दवबिंदूताई, एक शंका आहे. आरोपीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर औषध मध्येच थांबवता येते ना? माझ्या बहिणीला, ती परिचारिका आहे, सुई टोचली होती तेव्हा त्या रुग्णाचे रक्त तपासूनच पुढचे ठरवले होते.

दवबिंदू

होय, आणि हा या मागणीच्या बाजूचा खरा वैद्यकीय मुद्दा आहे. आरोपी लवकर सापडला, त्याची चाचणी झाली, तो विंडो पिरियडमध्ये नाही असे डॉक्टरांना सकारण वाटले, तर २८ दिवसांचा कोर्स थांबवण्याचा विचार होऊ शकतो. मळमळ, थकवा, झोप न लागणे असे त्रास होणाऱ्या मुलीसाठी ती मोठीच सुटका आहे. पण क्रम लक्षात घ्यावा: गोळी आधी सुरू, चाचणी नंतर, आणि थांबवायची की नाही हा निर्णय डॉक्टरांचा.

गोपाचल (ग्वाल्हेर)

मी ग्वाल्हेरला एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटासोबत अनेक वर्षे काम करत आहे. मला या धाग्यातील एका सुराची काळजी वाटते आणि ती मी नम्रपणे मांडतो.

‘प्रत्येक आरोपीची सक्तीने तपासणी’ असे म्हणताना तपासणी ही शिक्षेचा भाग होऊन बसते. सातपुडा यांचा प्रतिसाद मी त्याच अर्थाने वाचला. आरोपी अजून दोषी ठरलेला नाही, हा मुद्दा तर आहेच. पण तो दोषी ठरला तरी एचआयव्ही हे त्याच्या गुन्ह्याचे नाव नाही. आमच्या गटातील बहुतेक स्त्रियांना लागण लग्नाच्या नवऱ्याकडून झाली आहे. वर्तमानपत्रात ‘बलात्कारी एचआयव्हीबाधित निघाला’ असा मथळा आला की, त्यांच्या गल्लीत त्यांच्याकडे कसे पाहिले जाते ते त्यांनाच विचारावे.

माझा विरोध पीडितेला माहिती मिळण्याला नाही. विरोध सरसकटपणाला आणि निष्कर्ष चव्हाट्यावर येण्याला आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम ८ हे एचआयव्हीविषयीची माहिती उघड करण्यावर बंधन घालते आणि कलम ३४ न्यायालयाला बंद दाराआड सुनावणी घेण्याची व टोपणनावाने कागदपत्रे चालवण्याची मुभा देते. निवेदनात या दोन्हींचा उल्लेख असावा अशी माझी विनंती आहे.

सातपुडा

गोपाचल दादा, आपल्या गटातील भगिनींविषयी मला आदर आहे आणि त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. परंतु अटक झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे, फोटो, डीएनए हे सर्व संमतीशिवाय घेतले जाते. तेथे आपण गप्प राहतो आणि पीडितेच्या उपयोगाची एक चाचणी म्हटली की त्याच्या हक्कांची आठवण होते, हे मला पटत नाही.

न्यायवाट

सातपुडा, हा प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याला टाळणार नाही. ठसे आणि डीएनए यांतून ‘हा तोच माणूस आहे का’ हे कळते आणि खटल्यासाठी ते लागते. एचआयव्हीचा रिपोर्ट त्या माणसाला आयुष्यभर चिकटतो आणि त्याच्या पत्नीविषयीही काहीतरी सांगून जातो, जिने कोणताही गुन्हा केलेला नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला. पण तो निरंकुश नाही. कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूला साजेल इतकाच हस्तक्षेप, या तीन अटींवर तो मर्यादित करता येतो. त्याआधी १९९८ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या प्रकरणात, लग्न ठरलेल्या मुलीला समोरच्याचा एचआयव्ही कळणे हा तिच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला होता. थोडक्यात, पीडितेच्या विनंतीवरून, तिच्या आरोग्यासाठी, तिच्यापुरती माहिती, अशी मागणी टिकू शकते. ‘प्रत्येक आरोपीची, आपोआप’ ही मागणी या कसोटीवर डळमळते.

वटवृक्ष (बडोदे)

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहणे उपयोगी ठरेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत या कायद्यांची सुरुवात एड्सच्या भीतीच्या काळात झाली. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव ९६’ मंजूर केला आणि लैंगिक गुन्ह्यांतील आरोपींच्या तपासणीची वाट मोकळी झाली. १९९० मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या अनुदानाचा काही भाग अशा कायद्यांशी जोडला. तेव्हा भर दोषी ठरलेल्यांवर होता, म्हणजे पीडितेच्या दृष्टीने फारच उशिरा. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक कायद्याने केंद्रीय न्यायालयांना पीडितेच्या विनंतीवरून आरोपीच्या तपासणीचा आदेश देण्याचा अधिकार दिला, पण त्याला अटी घातल्या: गुन्हा घडल्याचे सकृद्दर्शनी कारण असावे, पीडितेने समुपदेशन घेतल्यानंतर विनंती केलेली असावी आणि मिळणारी माहिती तिच्या आरोग्यासाठी आवश्यक असावी. पुढे पुन्हा तपासणी करण्याचीही सोय त्यात ठेवली. म्हणजे एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही, हे दवबिंदूताईंनी सांगितलेले वैद्यकीय सत्य त्या कायद्याने मान्य केले होते. नंतरच्या दुरुस्तीत, अनुदान पूर्ण हवे असलेल्या राज्यांनी आरोप दाखल झाल्यापासून ४८ तासांत तपासणी करावी, अशी अपेक्षा घातली गेली.

दक्षिण आफ्रिकेचा २००७ चा लैंगिक गुन्हेविषयक कायदा मला आपल्यासाठी अधिक शिकवणारा वाटतो, कारण तेथे एचआयव्हीचे प्रमाण मोठे असल्याने हा प्रश्न अगदी रोजचा होता. त्या कायद्याने दोन गोष्टी एकाच प्रकरणात शेजारी ठेवल्या. पहिली, ७२ तासांच्या आत पुढे आलेल्या पीडितेला सरकारी खर्चाने पीईपी मिळण्याचा हक्क. दुसरी, अत्याचारापासून ९० दिवसांच्या आत पीडितेने किंवा तिच्या वतीने कोणी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तर आरोपीच्या तपासणीचा आदेश. निष्कर्ष गोपनीय ठेवून ठरावीक व्यक्तींनाच कळवायचा आणि त्याचा वापर कशासाठी करता येईल तेही कायद्यातच सांगितलेले. निंबोणीताई, आपल्या मसुद्यात दुसरी मागणी आहे, पहिली नाही. माझ्या मते पहिलीच आधी हवी.

कान्हकाठची (इंदूर)

मी येथे फारसे लिहीत नाही, पण हा विषय माझ्या घरातून गेलेला आहे, म्हणून लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी वगळल्या आहेत.

आमच्या मुलीला औषध वेळेवर मिळाले, त्याबद्दल त्या रात्रीच्या डॉक्टरांची मी कायम ऋणी आहे. त्रास झाला तो त्यानंतर. तिच्या तपासणीचे कागद पोलिसांच्या कागदांबरोबर एकाच फायलीत लागले. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने चारचौघांत मोठ्याने विचारले, ‘एचआयव्ही का टेस्ट है ना, थाने वाला केस?’ ती पुढे महिनाभर घराबाहेर पडली नाही आणि नंतरच्या तपासणीला यायला तयार नव्हती.

आरोपी आमच्या नात्यातला होता. त्याची तपासणी झाली असती आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता, तर तो सगळ्या खानदानाला कळला असता आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांनी माझ्या मुलीकडे पाहिले असते. अनोळखी माणसाच्या बाबतीत हे वेगळे असेल. पण अत्याचार करणारे बहुतेक वेळा ओळखीचेच असतात. म्हणून एवढेच मागते की, तपासणी तिने मागितली तरच व्हावी, आणि निष्कर्ष लेखी घरी पाठवू नये. आमच्या घरी टपाल आजोबा उघडतात.

निंबोणी (इंदूर)

कान्हकाठची ताई, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ‘लेखी कळवावा’ हे शब्द मसुद्यातून आजच काढते. तिला रिपोर्ट नको असण्याचा हक्कही मागणीत घालावा लागेल असे आता वाटते.

जुना_रामबाग

मी न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी केली आहे, त्यामुळे कागदांच्या प्रवासाविषयी सांगू शकतो. न्यायालयाच्या नस्तीत गेलेला कागद आरोपीच्या वकिलाला मिळतो. त्याला तो मिळायलाच हवा, कारण बचावाचा तो भाग आहे. त्यामुळे पीडितेचा स्वतःचा एचआयव्ही रिपोर्ट विनाकारण नस्तीत लागला, तर तो उलटतपासणीत बाहेर येण्याची भीती असते. पहिल्याच आठवड्यातील चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती लागण आधीची असते, आणि तेवढ्यावरून तिच्या चारित्र्याविषयी प्रश्न सुरू होतात. साक्ष अधिनियमात तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर गैरलागू ठरवलेला आहे. तरी प्रश्न विचारला गेला की व्हायची ती इजा होऊन जाते. ज्याप्रमाणे पीडितेच्या योनीची ‘दोन बोटांची चाचणी’ २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गैर ठरवली आणि तरीही २०२२ मध्ये, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे पुन्हा सांगावे लागले, त्याचप्रमाणे हेही वारंवार सांगत राहावे लागेल.

दवबिंदू

काकांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात करता येण्यासारखे असे की, पीडितेची एचआयव्ही तपासणी तिच्या संमतीने आयसीटीसीत स्वतंत्रपणे व्हावी, नोंद तेथील क्रमांकाखाली राहावी आणि एमएलसीच्या, म्हणजे पोलिस प्रकरणासाठीच्या वैद्यकीय, कागदांना ती जोडू नये. लागण हा खटल्याचा मुद्दा असेल तर न्यायालय तो रिपोर्ट मागवू शकते. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणी, पुरावा गोळा करणे आणि उपचार यांसाठी संमती आणि नकार यांचा वेगवेगळा विचार केलेला आहे. पुरावा द्यायला नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

मोरपंखी

मग खाजगी रुग्णालयात गेले तर? आमच्या भागात रात्री सर्वांत जवळ तेच असते. ‘आधी एफआयआर आणा’ असे सांगून परत पाठवल्याचे मी ऐकले आहे.

न्यायवाट

परत पाठवणे हा गुन्हा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार करायचे आहेत आणि पोलिसांना कळवायचे आहे. आधी एफआयआर हवा अशी अट नाही. टाळाटाळ केल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाला न्याय संहितेच्या कलम २०० प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बालकांच्या बाबतीत २०२० च्या पॉक्सो नियमांत तातडीच्या उपचारांमध्ये लैंगिक रोगांवरील आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश मागता येत नाही.

आता निंबोणीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. २०१७ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये बदल करणे हे संसदेचे काम आहे. ती मागणी वेगळ्या निवेदनाने खासदारांकडे आणि आरोग्य मंत्रालयाकडे जावी. जिल्हा प्राधिकरणाकडे मागायचे ते त्याच्या हातातील असावे, आणि त्याच्या हातात पुष्कळ आहे. विधिक सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तोच वकील पीडितेच्या वतीने आरोपीच्या तपासणीचा अर्ज तयार करू शकतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ प्रमाणे प्राधिकरण अंतरिम मदत आणि मोफत वैद्यकीय सोय देऊ शकते, तेही खटल्याच्या निकालाची वाट न पाहता. २०१८ च्या नालसा (राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरण) योजनेत बलात्काराच्या पीडितेला ४ ते ७ लाख रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि रक्कम ठरवताना गुन्ह्यामुळे लैंगिक रोगाची लागण झाली का, हेही पाहायचे असते. त्यासाठी आरोपीचा रिपोर्ट लागत नाही, तिचा स्वतःचा पुरतो.

सातपुडा

वाचले. आरोपीला झुकते माप मिळू नये हा माझा आग्रह कायम आहे, पण कान्हकाठची ताईंच्या प्रतिसादानंतर ‘तिने मागितली तरच’ ही अट मला मान्य आहे. फक्त अर्ज आल्यावर न्यायालयाने किती दिवसांत निर्णय द्यावा, हेही सुचवावे. आमच्याकडे तारखेवर तारीख पडते आणि विंडो पिरियड, पीईपी हे सारे त्यात वाहून जाते.

निंबोणी (इंदूर)

सर्वांच्या सूचना धरून मसुद्याचा हा भाग असा लिहिला आहे:

‘लैंगिक अत्याचाराची पीडिता रुग्णालयात येताच, एफआयआरची किंवा आरोपीच्या अटकेची वाट न पाहता, तिला पीईपी, हेपॅटायटिस बीची लस आणि इतर प्रतिबंधक उपचार त्याच भेटीत मिळावेत, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी ही औषधे अपघात विभागात उपलब्ध असावीत, यासाठी प्राधिकरणाने शहरातील सरकारी व खाजगी रुग्णालयांना लेखी कळवावे. पीडितेच्या एचआयव्ही तपासणीचे कागद पोलिसांच्या कागदांपासून स्वतंत्र ठेवावेत. समुपदेशनानंतर पीडितेने इच्छा व्यक्त केल्यास, आरोपीच्या तपासणीचा अर्ज प्राधिकरणाच्या वकिलाने तिच्या वतीने तत्काळ दाखल करावा, सुनावणी बंद दाराआड व्हावी यासाठी विनंती करावी, आणि अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा अशी प्रार्थना त्यात असावी. निष्कर्ष पीडितेला समुपदेशकाने प्रत्यक्ष भेटीत, तिला हव्या त्या व्यक्तीच्या उपस्थितीत सांगावा. तिला तो जाणून घ्यायचा नसल्यास तिच्यावर सक्ती करू नये.’

कलम ६ मधील दुरुस्तीची मागणी वेगळ्या पत्रात घेतली आहे. त्यात न्यायवाट साहेबांनी सांगितलेला ‘पीडितेच्या विनंतीवरून, तिच्या आरोग्यासाठी’ हा शब्दप्रयोग वापरते.

गोपाचल (ग्वाल्हेर)

या स्वरूपात आमचा गटही सही करेल. एक भर सुचवतो: आरोपी पॉझिटिव्ह निघाला तर त्यालाही तुरुंगात समुपदेशन आणि एआरटी मिळावी. २०१७ च्या कायद्याचे कलम ३१ राज्याच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला तो हक्क देते, आणि नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आहे, अशा माणसाकडून पुढे कोणाला लैंगिक मार्गाने लागण होत नाही.

कान्हकाठची (इंदूर)

मसुदा चांगला झाला आहे. ‘समुपदेशकाने’ या ठिकाणी ‘महिला समुपदेशकाने, पीडितेला समजणाऱ्या भाषेत’ असे करता येईल का? इंदूरच्या एमवाय रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी बायका भिली किंवा निमाडी बोलतात आणि हिंदीतले वैद्यकीय शब्द त्यांना कळत नाहीत. पुढच्या तपासणीच्या तारखाही कागदावर ‘एचआयव्ही’ न लिहिता द्याव्यात.

दवबिंदू

‘पीडितेच्या पसंतीच्या समुपदेशकाने’ असे करावे, कारण पीडित मुलगेही असतात आणि काही जणींना पुरुष डॉक्टरशी बोलणे सोपे जाते. भाषेची आणि तारखांच्या कागदाची सूचना जशीच्या तशी घ्यावी. निंबोणीताई, निवेदनाच्या शेवटी १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा आणि १५१०० हा विधिक सेवेचा क्रमांक छापावा, आणि त्याची एक प्रत अपघात विभागात लावण्याची परवानगी अधीक्षकांकडे याच आठवड्यात मागावी. मी सोबत येईन.